त्वेरचे शब्द, जुन्नरचा चिखल

घोडेगावच्या एका स्मरणिकेसाठी बारा वर्षांपूर्वी मी एक लेख लिहिला होता. पंधराव्या शतकात जुन्नरला येऊन राहिलेल्या अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याविषयी. लेख छापून आला, चार लोकांनी कौतुक केले आणि आठवडाभरात आमच्या पश्चिम पट्ट्यातले एक वयस्कर शेतकरी माझ्या वह्या-पेनांच्या दुकानात आले. स्मरणिका त्यांनी पिशवीत घालून आणली होती. म्हणाले, "भाऊ, तुमचा ह्यो रशियन हिवाळ्यात जुन्नरला मुक्कामाला व्हता म्हणता. आन् खालच्याच ओळीत लिवता, चार म्हैने रात्रंदिस पानी आन् चिखल. हिवाळ्यात आपल्याकडं चिखल कुठला? थंडीत भात कोन पेरतं?"

मी म्हणालो, "तात्या, पुस्तकात तसंच लिहिलंय."

"मंग पुस्तकाला जुन्नर ठावं नसंल," असे म्हणून ते स्मरणिका काउंटरवर ठेवून निघून गेले.

पुस्तक म्हणजे निकितीनच्या प्रवासवर्णनाचे इंग्रजी भाषांतर. लंडनच्या हॅक्लुइट सोसायटीने १८५७ साली पंधराव्या शतकातील हिंदुस्थानावरचा एक ग्रंथ काढला, त्यात ते आहे. त्यात 'विंटर' असा शब्द होता आणि मी त्याचा 'हिवाळा' केला होता. तात्यांच्या प्रश्नामुळे मला मूळ रशियन शब्द शोधावा लागला. तो एक शब्द शोधायला गेलो आणि पुढची बारा वर्षे त्यातच गेली.

रशियन मी कोणत्या वर्गात शिकलो नाही. माझ्या लहानपणी सोव्हिएत मासिकांची गुळगुळीत रंगीत पाने आम्ही वह्यांना कव्हर म्हणून घालत असू. त्या काळी पुस्तकांच्या फिरत्या प्रदर्शनात स्वस्तात घेतलेले एक रशियन बालबोध पुस्तक घरात होते. तेच पुन्हा काढले. अक्षरे लावता येऊ लागल्यावर निकितीनचे मूळ लिखाण आणि शेजारी आजच्या रशियनमधले रूपांतर अशी आवृत्ती मिळवली. आधुनिक रशियन मला आजही अडखळतच वाचता येते, आणि पाचशे वर्षांपूर्वीचे रशियन तर शब्दाशब्दाला कोश उघडूनच. पण निकितीनने जुन्नरवर लिहिलेला मजकूर मोजका आहे. तेवढा मी पुरता चाळून काढला आहे.

निकितीन त्वेरचा. व्होल्गा नदीच्या वरच्या अंगाला, मॉस्कोच्या वायव्येला असलेले हे शहर तेव्हा स्वतंत्र राज्याची राजधानी होते. मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने ते १४८५ साली गिळले. म्हणजे निकितीन निघाला तेव्हा आज आपण म्हणतो तसा 'रशिया' नव्हताच. नदीने खाली जाताना अस्त्राखानजवळ तो लुटला गेला. पुढे दर्बंद, बाकू, इराण असे करत होर्मुझला पोचला. तिथून घोडा घेऊन समुद्रमार्गे चौलला उतरला आणि तिथून घाट चढून जुन्नरला आला. जुन्या मताप्रमाणे हे साल १४६९. सेम्योनोव्ह या अभ्यासकाने मात्र प्रवासाचा सगळा हिशेब नव्याने मांडून ते १४७१ ठरवले आहे, आणि मला ते अधिक पटते. 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' या नावाने त्याचे लिखाण ओळखले जाते. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते. त्याच्यावर १९५७ साली 'परदेसी' हा हिंदी-रशियन चित्रपट निघाला, त्यात नर्गिस होती, एवढे आमच्या आधीच्या पिढीला पक्के ठाऊक असे.

आता तो शब्द. झिमा. कोशात अर्थ हिवाळा. पण निकितीन लिहितो की इथली झिमा त्रैत्स्काया सणापासून सुरू झाली. हा ख्रिस्ती सण ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येतो, म्हणजे मे-जूनमध्ये. आपल्याकडे तेव्हा रोहिणी संपून मृग लागतो. तेव्हा त्याची झिमा म्हणजे आपला पावसाळा, यात शंकाच नाही. तात्या बरोबर होते.

मग त्याने पावसाळ्याला हिवाळा का म्हणावे? पाऊस त्याला ठाऊक नव्हता असे थोडेच आहे. पण त्वेरच्या व्यापाऱ्याच्या लेखी झिमा म्हणजे नुसती थंडी नव्हे. नदी गोठते, नावा अडकतात, वाट बंद होते तो काळ. त्यावरून झिमोवात् असे क्रियापद आहे. वाट मोकळी होईपर्यंत जिथे असू तिथे दिवस काढणे, हा त्याचा अर्थ. निकितीन जुन्नरबद्दल हेच क्रियापद वापरतो. दोन महिने तो इथे असा राहिला. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, 'चौमासा काढणे'. आणि जुन्नरच्या भूमीला तर ही कल्पना फार जुनी. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी खोदली गेली, ती भिक्षूंना पावसाळ्यात एका जागी राहता यावे म्हणून. वर्षावास म्हणजे तरी दुसरे काय? मी 'हिवाळ्यात राहिला' असे लिहिले तेव्हा ऋतू तर चुकलाच, पण माणूस अडकून पडला होता हेही माझ्या वाक्यातून निघून गेले.

(जाता जाता: या दिवसांत लोक गहू, भात आणि हरभरा पेरतात असे तो सांगतो. भातासाठी आणि हरभऱ्यासाठी त्याने तुर्की-फारसी शब्द वापरले आहेत. गहू-हरभरा पावसाळ्यात पेरत नाहीत हे सांगायला तात्या आज असायला हवे होते. घोड्यांना हरभरा आणि साखर-तूप घातलेली खिचडी देतात असेही त्याने लिहिले आहे. खिचडीला तो 'किचिरिस' म्हणतो.)

झिमाने माझी जिरवल्यावर मी त्याच्या बाकीच्या शब्दांकडे संशयाने पाहू लागलो. सगळ्यात आधी गोरद. त्याचेच जुने रूप ग्राद. आजच्या रशियनमध्ये अर्थ शहर. म्हणून बहुतेक वर्णनांत 'जुन्नर शहर खडकाच्या बेटावर वसले आहे' असे येते आणि वाचणारा गोंधळतो, कारण जुन्नर शहर तर कुकडीच्या काठी सपाटीवर आहे. पण जुन्या रशियनमध्ये गोरद म्हणजे मुळात कोट घातलेली, तटबंदीची जागा. तटाबाहेर व्यापारी आणि कारागीर राहत, त्या वस्तीला पोसाद म्हणत. मराठीत गड आणि पेठ म्हणावे तसे. निकितीन म्हणतो, हा ग्राद दगडी बेटावर आहे, माणसाने घडवलेला नाही, देवाने निर्मिलेला आहे, वर जायची वाट इतकी अरुंद की दोघे जोडीने जाऊ शकत नाहीत. चढायला दिवस लागतो, असेही तो म्हणतो, ते सोडून देऊ. आमच्याकडची शाळेची पोरे तासाभरात चढतात. पण वर्णन शिवनेरीचे आहे हे जुन्नरचा कोणीही सांगेल.

यातून एक स्थानिक वाद सुटतो असे मला वाटते. 'शिवनेरीवर राहिलेला रशियन' असा उल्लेख आमच्याकडे भाषणांत नेहमी ऐकू येतो. पुढे येणाऱ्या घोड्याच्या प्रसंगात मात्र मध्यस्थ गृहस्थ खानाला भेटायला 'गोरदात' गेले, असे निकितीन लिहितो. तो स्वतः गोरदात राहत असता तर असे लिहिले नसते. तो खाली पेठेत होता, परगावच्या व्यापाऱ्यांसाठी असलेल्या एखाद्या मुक्कामाच्या जागी. अशा जागांचे वर्णनही त्याने याच पानांत केले आहे. हे माझे अनुमान आहे, पण शब्दाच्या अर्थावर उभे आहे.

अशा प्रवासी व्यापाऱ्याला त्याचा शब्द गोस्त. आज रशियनमध्ये गोस्त म्हणजे पाहुणा. तेव्हा त्याचा अर्थ परमुलखात जाऊन व्यापार करणारा असाही होता, आणि पुढे मॉस्कोच्या राज्यात तो सगळ्यात वरच्या दर्जाच्या व्यापाऱ्यांचा अधिकृत किताब झाला. मराठीत घोडे विकणाऱ्याला आपण सौदागर म्हणत आलो. निकितीन जुन्नरला आला तो सौदागर म्हणून. एकच घोडा, शंभर रूबल किमतीचा.

जुन्नरचा अधिकारी तेव्हा असदखान. निकितीन त्याची ओळख करून देतो ती अशी की तो मलिक-उत-तुज्जारचा खोलोप आहे. मलिक-उत-तुज्जार म्हणजे महमूद गावान, बहामनी राज्याचा कर्ता वजीर. किताबाचा अर्थ व्यापाऱ्यांचा राजा. गावान स्वतः गिलानहून व्यापारासाठीच आलेला होता. या खोलोपचे मी पहिल्या लेखात 'मांडलिक' केले होते. दुसऱ्या एका ठिकाणी 'गुलाम' असे वाचले. दोन्ही वाचून जुन्नरच्या खानाविषयी दोन अगदी वेगळ्या कल्पना मनात येतात.

खोलोप हा रशियन इतिहासातला फार वजनदार शब्द आहे. जुन्या रशियन कायद्यात, ज्याला रूस्स्काया प्रावदा म्हणतात त्यात, माणूस पूर्ण खोलोप होण्याच्या तीन वाटा दिल्या आहेत. स्वतःला विकणे, करार न करता दासीशी लग्न लावणे, आणि करार न करता कोणाच्या घरचा कारभारी होणे, किल्ल्या कमरेला लावणे. तिसरी वाट पाहा. धन्याच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस गावात मोठा, त्याच्यापुढे लोक वाकणार, आणि कायद्याने तो धन्याच्या मालकीचा. म्हणजे खोलोप शब्दात हलकेपणाबरोबर धन्याच्या जवळचा असणेही होते. पुढे तर मोठमोठे सरदार राजाला पत्र लिहिताना स्वतःला 'तुझा खोलोप' म्हणवू लागले. सोळाव्या शतकात मॉस्कोला दोनदा वकिलातीवर गेलेल्या हर्बरस्टाइनने याचे नवल आपल्या १५४९ च्या ग्रंथात नोंदवले आहे. थोरल्या पीटरच्या काळात, अठराव्या शतकात, खोलोप ही कायदेशीर स्थिती संपली.

तेव्हा निकितीन असदखानाला खोलोप म्हणतो ते त्याला हिणवायला नव्हे. हा खान स्वतःच्या जोरावर इथे बसलेला नाही, गावानच्या घरचा माणूस आहे, हे तो आपल्या वाचकाला सांगतो आहे. मांडलिकाचे स्वतःचे राज्य असते, या खानाचे काही नव्हते. बहामनी राजवटीत मालकाच्या पदरी वाढून तरफदार झालेले लोक कमी नव्हते, आणि 'बंदा' हा शब्द तिथे मानाने मिरवला जाई. मी आता 'गावानचा बंदा' असे भाषांतर करतो.

खानाच्या हाताखाली 'सात त्मा' आहेत, असे लोक सांगतात, असे तो लिहितो. त्मा म्हणजे दहा हजार. हा मोंगोल फौजेतला तूमन, तार्तरांच्या अंमलाबरोबर रशियात पक्का रुजलेला. मग सत्तर हजार झाले, आणि आमच्याकडचे वक्ते 'जुन्नरला सत्तर हजार फौज होती' असे ठोकून देतात. 'लोक सांगतात' हे शब्द मूळ वाक्यात आहेत, तेवढे त्यांनी वाचावेत.

क्न्याज आणि बोयार या दोन शब्दांवर मात्र जरा थांबावे लागेल. चौलला उतरताच निकितीन लोकांचे पोशाख टिपतो. क्न्याज डोक्याला एक कापड बांधतो आणि कमरेला एक, बोयार खांद्यावर एक आणि कमरेला एक, क्न्यागिन्यांचेही तसेच, त्यांचे नोकर ढाल-तलवार घेऊन चालतात. क्न्याजचे आपण 'राजा' करतो. पण त्याच्या डोळ्यासमोर त्वेरचा क्न्याज होता, आपल्या मुलखापुरता धनी, ज्याच्या वर आणखी कोणी असू शकतो. झार हा शब्द तेव्हा रशियन लोक तार्तरांच्या खानासाठी आणि कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटासाठी राखून ठेवत. मॉस्कोचा राजा झार म्हणून अभिषिक्त झाला तो थेट १५४७ साली. म्हणून चौलचा अंगावर दोन कापडे घेतलेला क्न्याज राजा नसावा. कोकणातला देशमुख किंवा तसाच कोणी वतनदार असावा. बोयार म्हणजे त्याचे मानकरी.

पुढे बिदरला गेल्यावर तोच निकितीन म्हणतो की या देशात क्न्याज आणि बोयार सगळे खोरासानी आहेत. आता तेच शब्द बहामनी अमीर-उमरावांना लागले. एकाच माणसाच्या वहीत एकच शब्द दोन वेगळ्या थरांना. याचे कारण त्याने नजर बदलली, कोश बदलला नाही. बिदरच्या दरबारात दख्खनी आणि परदेशी असे तट होते आणि त्या तटांनीच पुढे, १४८१ साली, गावानचा बळी घेतला, हे आपण इतिहासात वाचतो. निकितीनला ते पोशाखावरून, पालखीवरून, कोण पायी चालतो आणि कोण घोड्यावर बसतो यावरून दिसले होते. मुलूख दाट वस्तीचा आहे, खेड्यातले लोक अगदी उघडे आहेत आणि बोयार थाटात राहतात, अशा अर्थाचे त्याचे एक वाक्य प्रसिद्ध आहे. त्यातला 'उघडे' हा शब्द कपड्यांपुरता घेऊ नये. रशियनमध्येही उघडा म्हणजे कफल्लक.

त्या खेड्यातल्या लोकांना त्याने 'क्रेस्त्यानिन' म्हटलेले नाही. म्हणता आले नसते. आज रशियनमध्ये या शब्दाचा अर्थ शेतकरी, पण तो निघाला ख्रिस्ती या शब्दातून. तार्तरांच्या अंमलाखाली राहणारी साधी प्रजा स्वतःला ख्रिस्ती म्हणवत राहिली आणि हळूहळू ते तिच्या धंद्याचेच नाव होऊन बसले. निकितीनच्या काळी हा शेतकरी अजून जमीनदाराला बांधलेला नव्हता. १४९७ च्या कायद्याने त्याला धनी बदलायला वर्षातून दोन आठवडे उरले आणि १६४९ च्या कायद्याने तेही गेले. गोगोल-तुर्गेनेव्हच्या मराठी भाषांतरांतून आपल्याला भेटणारा भूदास तो हा, १८६१ साली सुटलेला. आपल्या जुन्या कागदांतल्या उपऱ्याशी त्याची तुलना मला करावीशी वाटते. उपऱ्याला गावात हक्क नव्हता, पण नांगर खांद्यावर टाकून निघून जायची मोकळीक होती. रशियन शेतकऱ्याची नेमकी तीच गेली.

आता घोडा. जुन्नरला खानाने निकितीनचा घोडा काढून घेतला. निकितीन बेसेरमेन नाही, रूसीन आहे, हे त्याला कळले होते. खान म्हणाला, आमच्या वेरेत आलास तर घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो. नाही आलास तर घोडाही जाईल आणि हजार मोहरा तुझ्याकडून वसूल करीन. मुदत चार दिवसांची. मुदत संपायची होती स्पासच्या दिवशी, म्हणजे ऑगस्टमधल्या, आपल्या श्रावणाच्या सुमारास येणाऱ्या तारणहाराच्या सणाला. आदल्या दिवशी मुहम्मद नावाचा एक खोरासानी गृहस्थ आला. त्याच्या नावामागची उपाधी काही जण 'खोजा' वाचतात, काही 'खजिनदार'. निकितीनने त्याच्यापुढे कपाळ टेकले. तो वर गोरदात जाऊन खानाला भेटला, धर्म बदलण्याची सक्ती सोडवली आणि घोडाही परत आणला.

हा प्रसंग मी आजवर दोन व्यासपीठांवर ऐकला आहे. एकावर खानाची धमकी सांगितली गेली आणि खोरासानी गृहस्थ गाळला गेला. दुसऱ्यावर खोरासानी गृहस्थाचा मोठेपणा सांगितला आणि धमकी गाळली. दोन्ही वक्ते विद्वान होते. निकितीनने दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत, आणि त्या कोणत्या शब्दांत लिहिल्या हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

बेसेरमेन हा मुसलमान शब्दाचाच तुर्की तोंडातून रशियनमध्ये आलेला अवतार. त्याला एक आठवण चिकटलेली होती. तार्तरांनी खंडणी वसूल करायचा मक्ता ज्या मुसलमान व्यापाऱ्यांना दिला, त्यांच्याविरुद्ध १२६२ साली रोस्तोव्ह, व्लादिमीर, सुझ्दाल या शहरांत उठाव झाले होते. धर्माचे नाव, पण त्यात परका आणि वसुलीदार हे अर्थ मुरलेले. आपल्याकडे 'यवन' शब्दाचे असेच झाले. शिवनेरी आणि मानमोडीच्या लेण्यांत तीन यवनांची दाने कोरलेली आहेत, पाण्याची टाकी, भोजनमंडप आणि लेण्याचा दर्शनी भाग. इरिल, चित आणि चंद ही त्यांची नावे. ते यवन म्हणजे ग्रीक वंशाचे, आणि दान बौद्ध संघाला. पुढे दीड हजार वर्षांनी मराठी बखरकार त्याच शब्दाने मुसलमानांना ओळखू लागले. शब्द तिथेच उभा राहतो, त्याच्यासमोरून माणसे बदलत जातात.

बेसेरमेनच्या समोर निकितीन 'ख्रिस्ती' न ठेवता 'रूसीन' ठेवतो, हेही पाहावे. एक धर्माचे नाव, दुसरे मुलखाचे. त्याच्या डोक्यात या दोन गोष्टी वेगळ्या झालेल्या नाहीत. त्या वेगळ्या नसण्यालाच तो वेरा म्हणतो.

कपाळ टेकले, असे मी वर म्हटले. मूळ शब्द 'चेलोम बित्', कपाळाने आपटणे. राजापुढे जमिनीला कपाळ लावून दाद मागायची ही रीत. पुढे ती कागदावर उतरली आणि चेलोबित्नाया म्हणजे लेखी अर्ज झाला. आपल्याकडे 'कृतानेक साष्टांग नमस्कार' लिहिणारा कारकून बैठकीवरच बसलेला असे, अंग कोणी जमिनीला लावत नसे, तसेच ते. पण जुन्नरला निकितीनकडे कागद नव्हता, हातात चार दिवस होते. इथे त्याने खरेच कपाळ टेकले असणार.

टेकून त्याने मागितले काय? तो म्हणतो, माझ्यासाठी 'पेचालोवात्' कर. पेचाल म्हणजे दुःख. दुसऱ्याचे दुःख आपले करून धन्यापुढे जाणे, असा त्याचा अक्षरशः अर्थ. रशियात पेचालोवानिये हा धर्मगुरूंचा मान होता. राजाची खप्पामर्जी झालेल्या माणसासाठी मुख्य धर्मगुरू जाऊन रदबदली करी आणि राजाने ती ऐकावी अशी रीत होती. या रीतीची धार एवढी होती की १५६५ साली चौथ्या इव्हानने, ज्याला भयंकर इव्हान म्हणतात त्याने, रुसून सोडलेली राजधानी परत स्वीकारताना अट घातली की मी कोणालाही शासन करीन, धर्मगुरूंनी मध्ये पडायचे नाही. फिलिप नावाचे धर्मगुरू तरीही बोलत राहिले आणि १५६९ साली मारले गेले.

असा शब्द. आपल्या चर्चच्या थोर गुरूंच्या अधिकाराचा. आणि निकितीनने तो जुन्नरला एका खोरासानी मुसलमानासाठी वापरला. संतापाच्या भरात मुसलमानांविषयी अतिशय कडवट शब्द याच वहीत लिहिणाऱ्या माणसाने. मी आधी 'मध्यस्थी' असे भाषांतर केले होते. मध्यस्थी दलालही करतो. मग घरात आई कोणाला तरी म्हणाली, "तुझ्यासाठी कोण रदबदली करायला जाणार?" आणि शब्द मिळाला. रदबदली करणारा स्वतःची पत पणाला लावतो. मुहम्मद खोरासानीने ती लावली. यात त्याचा काही फायदा होता असे निकितीन कुठेही सुचवत नाही.

त्या प्रसंगानंतर निकितीनने आपल्या देशबांधवांना दिलेला सल्ला मात्र कडू आहे. हिंदुस्थानात यायचे असेल त्याने आपली वेरा रूसमध्ये ठेवून यावे. ऑगस्टच्या मध्याला, मरियमच्या सणाला, त्याने जुन्नर सोडले आणि महिनाभर चालून तो बिदरला पोचला.

तिथे या वेरा शब्दाची खरी गंमत होते. तोवर तो खोजा यूसुफ खोरासानी या नावाने वावरत होता. बिदरला त्याने हिंदूंना आपण कोण ते सांगितले. मग त्यांनी त्याच्यापासून काही लपवले नाही. त्यांच्याकडे चौकशी करून तो लिहितो की हिंदुस्थानात चौऱ्याऐंशी वेरा आहेत आणि एका वेरेचा माणूस दुसऱ्या वेरेच्या माणसाबरोबर खात नाही, पीत नाही, लग्न करत नाही. वेराचे भाषांतर 'धर्म' करून 'पंधराव्या शतकात भारतात चौऱ्याऐंशी धर्म होते' असे वाक्य मी स्वतः लिहिले आहे. शरम वाटते. तो जातींविषयी बोलतो आहे. आणि चौऱ्याऐंशी हा आकडा कोणी मोजलेला नव्हे. लक्ष योनी चौऱ्याऐंशी, सिद्ध चौऱ्याऐंशी, फेरा चौऱ्याऐंशीचा. 'किती जाती आहेत रे?' असे परक्याने विचारल्यावर बिदरच्या माणसाने तोंडात बसलेला आकडा सांगून टाकला.

पण निकितीन चुकला असे मी म्हणणार नाही. कोणाबरोबर जेवतो आणि कोणाबरोबर जेवत नाही, यालाच तो वेरा समजत होता. मराठीत 'बाटणे' हे क्रियापद धर्मालाही लागते आणि पाण्याच्या घड्यालाही. त्याला उपवासांची सारखी काळजी. लुटीत त्याची धर्मपुस्तके गेली होती, ईस्टर कधी ते कळेना. मग तो अंदाजाने उपास धरी आणि देवाकडे क्षमा मागे. वहीच्या शेवटी तर तो अरबी-फारसी शब्दांत, इस्लामी नावांनी देवाची प्रार्थना करतो. गेल लेनहॉफ या अभ्यासिकेने यावरून तो मनाने धर्म बदलून बसला होता असे मांडले. निकितीनच्या ग्रंथाचे संपादक लुरिये यांना ते मान्य नव्हते. जुन्नरच्या पेठेत चार दिवस मुदत मोजलेल्या माणसाविषयी हा निकाल देण्याची मला घाई नाही.

एक जागा मात्र मी पुन्हा पुन्हा उघडतो. परतीच्या वाटेची चिंता करताना तो आपल्या मुलखासाठी प्रार्थना करतो. रशियन भूमीसारखी भूमी जगात नाही, देव तिला राखो, जरी तिचे बेग न्यायाने वागत नसले तरी. बेग. बोयार किंवा क्न्याज नव्हे. हा सगळा मजकूर त्याने रशियन अक्षरांत, पण तुर्की भाषेत लिहिला आहे. खानाच्या धमकीविषयी त्याने सरळ रशियनमध्ये लिहिले, कारण खान ते वाचणार नव्हता. आपल्या घरच्या धन्यांविषयी लिहायची वेळ आली तेव्हा त्याने बाजारात शिकलेली परकी भाषा वापरली.

ती वही त्याच्या धन्यांपर्यंत पोचलीच. निकितीन स्मोलेन्स्कला पोचण्याआधी वाटेत वारला. काही गोस्तांनी त्याच्या हातच्या वह्या मॉस्कोला आणल्या आणि १४७५ साली त्या वासिली मामिरेव्ह या द्याकाच्या हाती दिल्या. द्याक म्हणजे राजाच्या दफ्तराचा चिटणीस. चिटणीसाने त्या वाचल्या असतील, आणि मॉस्कोच्या राजदफ्तरात तुर्की जाणणारे लोक नक्कीच होते. तरीही ते वाक्य कोणी खोडले नाही. ते इतिहासाच्या बखरींत तसेच उतरवले गेले.

माझे जुन्नरच्या पानांचे भाषांतर पुरे झाले आहे. झिमाला चौमासा, गोरदला गड, खोलोपला बंदा, पेचालोवात्‌ला रदबदली. वेरा तेवढी अजून तशीच ठेवली आहे. खानाच्या तोंडी 'धर्म' चालतो, बिदरच्या हिंदूंच्या तोंडी 'जात' लागते, आणि निकितीन स्वतःविषयी बोलतो तेव्हा दोन्ही बसत नाहीत.